चौथ्या कोपऱ्याचा उंदीर

पनवेल,
शुक्रवार, २६ डिसेंबर

ती. सौ. शांतीताई यांस,

तुमच्या धाकट्या भावजयीचा, म्हणजे मनिषाचा, साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन गुडघे सध्या जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा उरलेल्या अंगांचाच गोड मानून घ्या. गुडघे कशाने गेले ते पुढे येईलच.) दाजींची शुगर आता कशी आहे? नाशिकला थंडी कडाक्याची पडल्याचं टीव्हीवर दाखवत होते, तर दाजींना पहाटे फिरायला जायचा हट्ट करू देऊ नका, आणि केलाच तर कानटोपी तुम्ही स्वतःच्या हाताने घाला. मितेशच्या बाळाला दात आले का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात या घरात सध्या एकच जण खुशाल आहे, आणि त्या म्हणजे तुमच्या मातोश्री.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटलं असेल. फोन केला की आई हातातलं काम टाकून माझ्या शेजारी येऊन बसतात आणि "मोठ्यानं लाव गो, मना पन आयकू दे" म्हणतात. मग मी तुम्हाला काय सांगणार, हवापाणी? व्हॉट्सॲपवर लिहावं तर माझा फोन दिपिकाच्या हातात असतो आणि ती आजीला सगळं नाटकातल्यासारखं वाचून दाखवते. म्हणून चक्क वहीची पानं फाडून लिहायला बसले आहे. उद्या स्पीड पोस्टाने टाकेन. वाचून झालं की दाजींना दाखवू नका, ते हसतील, आणि मला या विषयावर आणखी कोणाचं हसणं नको आहे.

मुद्द्याचं आधीच लिहून टाकते, नाहीतर माझं पत्र कुठून कुठे जातं ते तुम्हाला माहीत आहे. रविवारी, ४ तारखेला, तुम्ही आईंना कायमचं नाशिकला न्यायला येणार आहात, ते नक्की या. मागच्या पत्रात तुम्ही त्यांच्या नव्या खोलीबद्दल लिहिलंत, फिका पिवळा रंग, नवी कॉट, खिडकीखाली तुळस, ते वाचून फार बरं वाटलं. इतकी वर्षं तुम्ही त्यांचं केलंत, आता माझी पाळी, असं तुम्ही लिहिलंत तेही अगदी रास्त आहे. फक्त येताना मोठी गाडी आणा. आईंची पत्र्याची पेटी आहे, चिंध्यांची गाठोडी आहेत (गाठोडी किती ते विचारू नका, पलंगाखाली वाकून बघायची माझी हिंमत नाही), आणि एक लाकडी पाट आहे ज्यावर बसल्याशिवाय त्यांना सुई दिसत नाही म्हणे. हे सगळं न्या. मात्र मध्ये एक अडचण येऊन बसली आहे आणि ती अडचण सांगण्यासाठी मला तुम्हाला नाताळ सांगावा लागणार आहे.

सुरुवात केली तुमच्या लाडक्या भाचीने. दिपिकाच्या बेलापूरच्या ऑफिसात कीर्ती मॅडम म्हणून आहेत, त्या राहतात उलव्याच्या एका टॉवरमध्ये. (तुम्ही लहानपणी जिथे चिखलात खेकडे पकडायला जायचात म्हणे, तिथेच कुठेतरी. आता तिथे पोहण्याचा तलाव आहे आणि त्यात खेकडा निघाला तर वॉचमनला मेमो मिळतो.) या बाई सोसायटीच्या सांस्कृतिक समितीच्या अध्यक्ष. दिपिकाने आईंची गोधडी पांघरून स्वतःचा फोटो कुठेतरी टाकला, तो या बाईंनी पाहिला आणि क्लबहाउसची सगळी नाताळची सजावट अशीच हाताने शिवलेली हवी, असा त्यांनी ध्यास घेतला. भिंतीवर टांगायला एक भलीमोठी गोधडी, तीवर झाड, बर्फ, सांताक्लॉज, गोठ्यातलं बाळ. शिवाय लटकवायला मोजे, चांदण्या, आणि खऱ्या झाडाच्या बुंध्याला घालायला एक घेरदार झालर, तिला ते लोक स्कर्ट म्हणतात. दिपिका ऑफिसात उभ्याउभ्या "हो" म्हणाली. आजीला विचारलं नाही, आईला विचारलं नाही. घरी येऊन रंगीत कागदांची चळत माझ्यापुढे टाकली आणि केस धुवायला निघून गेली.

मला वाटलं, आई सरळ नाही म्हणतील. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. शिवाय नाताळशी आपला काय संबंध? तर आईंनी कागद हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले, आणि मलाच म्हणाल्या, "नाताल मना नको सांगूस. उरनला किरिस्तावांच्या आलीत मी डोक्यावं मीठ घेऊन जायची. त्यांनी माज्या वटीत केक घातलाय." झालं. दुसऱ्या दिवसापासून आपल्या हॉलमधला सोफा भिंतीला उभा लावला गेला (तो अजून उभाच आहे, तुमचे बंधुराज त्याला टेकून टीव्ही बघतात), सगळ्या फरशीवर कापड अंथरलं गेलं, आणि या घरात माणसाने चालायचं कुठून हा प्रश्न कायमचा निर्माण झाला.

आता तुम्हाला वाटेल, कागदावर चित्र होतं, ते बघून शिवायचं, त्यात काय एवढं. ताई, तुम्ही आईंच्या पोटच्या, तरी असं विचारता? कागदावर बर्फाचं मैदान होतं. आईंच्या मते ते मीठ. जन्मभर मिठागरावर काढल्यावर पांढरं काहीही दिसलं की त्या बाईला मीठच दिसणार. तेव्हा झाडाच्या दोन्ही बाजूंना मिठाच्या टोकदार राशी उभ्या राहिल्या, आणि एका राशीवर फावडंसुद्धा आलं. सांताची गाडी हरणं ओढतात. आईंनी विचारलं, हरणाला जू कोण लावतं? म्हणून तिथे शर्यतीचे बैल आले, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरू, आणि सांता मागे उभा राहून कासरा ओढतोय. गोठ्यातल्या बाळाच्या अंगावर चित्रात जेमतेम एक फडकं होतं. ते बघून आई खऱ्या चिडल्या. ऐन डिसेंबरात ओल्या बाळंतिणीचं पोर असं उघडं ठेवतात का, या बाईच्या सासरी कोणी नव्हतं का, असं बोलत बोलत त्यांनी त्या बाळावर वीतभर गोधडी शिवली, नाकापर्यंत. मी म्हटलं, आई, बाळ दिसायला हवं. त्या म्हणाल्या, "दिसायला नंतर जल्म हाय सगला. आदी थंडी जाऊ दे."

मोज्यांचं वेगळंच. चित्रात मोजा एकेक टांगलेला होता. आईंनी एकटा मोजा शिवायला साफ नकार दिला. मोजे जोडीनेच शिवले, डावा आणि उजवा, जोडी सुटू नये म्हणून मध्ये टाका घालून. स्कर्टला नेफा केला आणि त्यात नाडी ओवली. मी म्हटलं, झाडाला नाडी कशाला? तर परकर नाडीशिवाय राहील कसा, असा उलट प्रश्न. आणि सांताच्या अंगावरच्या लाल कापडाचं विचाराल (तुम्ही आज ना उद्या विचारणारच, म्हणून आत्ताच सांगून मोकळी होते), तर बाजारात मिळालं ते लाल कापड आईंना पसंत पडलं नाही. पाण्यात रंग सोडतं म्हणाल्या. मग त्यांनी पेटी उघडली. ताई, तुमचा साखरपुड्याचा शालू तुम्ही इथे ठेवला होतात ना? तो आता सांताने घातला आहे. शालूची जर टोपीच्या काठाला लावली आहे. सांता दिसतो मात्र छान, अगदी वरबापासारखा.

आणि या सगळ्यात मी कुठे होते? मी जमिनीवर होते. सुईत दोरा ओवायला मी, कापड ताणून धरायला मी, वाटीभर टाचण्या सांडल्या की सरपटायला मी. शेवटी आईंनी मला धावदोऱ्याला बसवलं. माझा टाका बघून म्हणाल्या, "हा टाका हाय का भाताची आवनी? हात-हात अंतरावं?" आणि सगळा उसवायला लावला. परत घातला, परत उसवायला लावला. ताई, मी बी.कॉम. आहे. लग्नाआधी पतपेढीत नोकरी करत होते. तिथे मी चिडले की गिऱ्हाईक गप्प बसायचं. इथे मी चिडले की आई म्हणतात, चिडून दोरा तुटतो. गुडघे गेले ते असे. तुमच्या बंधूंना मदतीला या म्हटलं, तर ते न्हावा शेव्याला ट्रेलर रांगेत अडकलाय म्हणून फोन कानाला लावून अंगणात जातात. आपला ट्रेलर कधी रांगेतून सुटतो की तो तिथेच स्थायिक झालाय, हे मला कळेनासं झालं आहे.

आता घासाचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या घासाने घडवलं. आई गोधडीचा शेवटचा टाका घालण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणतात ना. गोधडीत एक तुकडा असतो, वाळून जातो, कोणाला कळतही नाही. पण इथे आईंनी प्रत्येक वस्तूला गोधडीचा मान दिला. प्रत्येक चांदणीत तुकडा, प्रत्येक मोज्यात तुकडा, स्कर्टच्या नेफ्यात तुकडा, बाळाच्या वीतभर गोधडीत कणभर तुकडा. मी हात जोडले. तर म्हणाल्या, लोकांचा सण आहे, नुसती भाकरी कशी द्यायची? आणि प्रत्येक तुकड्याबरोबर गुळाचा खडा ठेवला. तो खडा नसता तर हे पत्र तुम्हाला लिहावं लागलं नसतं.

कारण गुळावर उंदीर आला. निदान आम्हा सगळ्यांची समजूत तीच आहे. भिंतीवरच्या मोठ्या गोधडीचे तीन कोपरे मजबूत शिवून झाले. राहिला चौथा. आई रोज सकाळी चौथा कोपरा शिवायला घेतात, बाराच्या सुमाराला वीतभर होतो, जेवण होतं, मी अर्धा तास पाठ टेकते, उठून बघते तर कोपरा उसवलेला. रोज. आई कपाळाला हात लावून बसलेल्या असतात, "बघ गो, मेल्यानं परत उसवला." सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे मेला कापड खात नाही. गूळही खात नाही. फक्त दोरा काढतो. (पनवेलचे उंदीरही आता भरल्या पोटाचे झालेत. टॉवरमधलं उष्टं खाऊन आल्यावर गुळाकडे कशाला बघतील?) तुमचं न्यायला येण्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात हा उपटला. त्याआधी या घरात उंदीर माहीत नव्हता. माझं नशीब दुसरं काय.

मी पिंजरा लावला, त्यात शेजारच्यांचं मांजर अडकलं आणि शेजारी दोन दिवस बोलत नव्हते. मग चिकट पुठ्ठा आणला, तो कोपऱ्याजवळ ठेवला, त्यावर तुमच्या बंधूंचा पाय पडला. फोनवर बोलत येत होते. पुठ्ठ्यासकट अंगणात जाऊन आले, पण फोन ठेवला नाही. आईंना म्हटलं, दुपारी कोपरा कपाटात ठेवू, तर कपाटात गोधडी गुदमरते म्हणे. मी जागत बसते म्हटलं, तर म्हणाल्या, तुला आधीच गुडघे, तू नीज, मी आहे ना राखायला. राखायला त्या असतातच हो, पण त्या वयात डोळा लागणारच.

असा चौथा कोपरा उघडा असतानाच २४ तारीख उजाडली. दिपिकाने तो सेफ्टी पिनांनी बंद केला. टेम्पोत सामान घालून आम्ही निघालो. उलव्याचा रस्ता तुम्ही आता ओळखणार नाही. पुढे डंपर, मागे डंपर, मध्ये आमचा टेम्पो आणि त्यावर उघड्यावर मिठाच्या राशी. पोचेपर्यंत मीठ सिमेंटच्या रंगाचं झालं होतं. तरी कीर्ती मॅडमनी सगळं पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आंटी, धिस इज सो ऑथेंटिक!" म्हणाल्या. बैलांचे तर पंचवीस फोटो काढले. मला क्षणभर वाटलं, सुटलो.

संध्याकाळी दिवे लागले, गाणी सुरू झाली. बायका पांढऱ्या कपड्यांत, मुलं सांताच्या टोप्यांत. आणि पहिली मुंगी सांताच्या दाढीतून बाहेर आली. मी पाहिली. मी तिला डोळ्यांनी परत आत जायला सांगत होते. पण ती एकटी नव्हती, ताई. क्लबहाउसच्या उबेने गूळ पाझरला असावा. चांदण्यांतून मुंग्या, मोज्यांतून मुंग्या, बाळाच्या गोधडीवरून बैलांकडे सरळ रांग. एका पोराने चॉकलेट आहे का बघायला मोज्यात हात घातला, आणि जोडी बघून दुसऱ्या मोज्यात दुसरा हातही घातला. त्याने बोंब ठोकली. त्याची आई धावली, तिचा पाय स्कर्टच्या लोंबत्या नाडीत अडकला, आईंची नाडी ती, तुटते थोडीच? झाड दिव्यांसकट आडवं झालं. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. (त्यांच्या आणि आपल्या, दोघांच्याही.) गाणी मात्र थांबली. त्या शांततेत आई खुर्चीवरून मोठ्याने म्हणाल्या, "मुंग्या आल्या म्हंजे बरकत हाय." मी त्या वेळी पाण्याची बाटली शोधायला बाहेर गेले ती बराच वेळ आलेच नाही.

काल सकाळी कीर्ती मॅडमचा फोन. रागावल्या नव्हत्या, तेवढं बरं. झाडून, धुऊन, ऊन देऊन, तो एक कोपरा शिवून पुढच्या वर्षीच्या सणाला द्या, सावकाश द्या, घाई नाही, म्हणाल्या. तेव्हा सगळं गाठोडं परत आपल्या हॉलमध्ये. सोफा परत उभा. आणि चौथा कोपरा परत उघडा.

अडचण ती हीच. तुमच्या आईचा नियम तुम्हाला ठाऊक आहे, अर्धी गोधडी घरात टाकून बाईने उंबरा ओलांडायचा नाही. मितेशच्या बारशाला आई एक दिवस उशिरा पोचल्या होत्या त्या याच पायी, आणि तुम्ही वर्षभर तोंड फुगवून होतात. आता त्या म्हणतात, शांतीकडे जायचंच आहे, पण कोपरा झाल्याबिगर कशी जाऊ? मी दिवसातून दहा वेळा म्हणते, आई, संपवा तो कोपरा एकदाचा. त्या "व्हय गो, संपवते" म्हणतात. आणि दुपारी उंदीर. तेव्हा ताई, माझी विनंती अशी की दाजींच्या गोदामात तो जुना लोखंडी पिंजरा आहे, तो रविवारी येताना आणा, आणि आईंना समजावून, नियम एकदा बाजूला ठेवून, कोपऱ्यासकट घेऊन जा. मी इकडे उंदीर मारायचं औषध टाकणाऱ्या माणसालाही सांगून ठेवलं आहे, तो उद्या दुपारी येणार आहे. कसंही करून हा हॉल मोकळा करा. मला सोफ्यावर बसून एक कप चहा प्यायचा आहे, एवढंच माझं मागणं आहे.

दाजींना नमस्कार, मितेशला आशीर्वाद, बाळाला पापा. पथ्यपाणी सांभाळा. माझं काही चुकलंमाकलं असेल तर ते गुडघ्यांच्या नावावर टाका.

तुमची वैतागलेली,
मनिषा

ता. क. – वरचं पत्र काल लिहून पाकिटात घातलं होतं. आज शनिवार. जेवण झाल्यावर पोस्टात निघाले, नाक्यापर्यंत गेले आणि आठवलं, पाकिटावर तुमचा पिनकोड लिहायचाच राहिला. परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं, पण चपला काढायला नकोत म्हणून खिडकीतूनच हाक मारणार, तर आई पाटावर बसलेल्या. चष्मा नाकावर. चौथा कोपरा मांडीवर. आणि सुईच्या टोकाने एकेक टाका वर उचलून उसवत होत्या, सकाळी स्वतःच घातलेला. निघालेला दोरा परत रिळावर गुंडाळत होत्या, दोरा वाया घालवायचा त्यांचा स्वभाव नाही. सगळं उसवून झालं तशी त्यांनी सांताच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "चल रं बैला. आजचा दिस पन काढला."

ताई, मी तिथेच पायरीवर उभी राहिले. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तुम्ही एवढ्या हौसेने खोली रंगवलीत, लेकीला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. फोनवर तुम्हाला "येते गो" म्हणून बसल्या आहेत. आणि मला सांगणार कसं? इतक्या वर्षांत आम्ही दोघी मीठ आणि टाका याच्या पलीकडे एकमेकींशी बोललोच कधी? त्यात मी येताजाता, संपवा तो कोपरा, संपवा तो कोपरा. मी हॉलबद्दल बोलत होते हो. त्यांनी काय ऐकलं असेल?

मी गुपचूप नाक्यापर्यंत परत गेले आणि चपला आपटत, खोकत, शेजारणीला मोठ्याने हाक मारत आले. घरात पाऊल टाकलं तर आई कपाळाला हात लावून तयार. "बघ गो, मेल्यानं परत उसवला." मी म्हटलं, हो ना, मेला भारीच चिवट आहे. मग चहा टाकला. आम्ही दोघींनी जमिनीवर बसूनच प्यायला.

तेव्हा वरची विनंती रद्द समजा. पिंजरा आणू नका. तुम्हीच फोन करून आईंना सांगा, खोलीच्या भिंतीला ओल आली आहे, रंग सुकत नाही, इतक्यात येऊ नकोस. तुमच्यासारख्या सरळ बाईला खोटं बोलायला सांगते आहे, पण दुसऱ्या कोणाचं त्या ऐकणार नाहीत. आणि रविवारी तुम्ही या. न्यायला नका येऊ, राहायला या, चांगले आठ दिवस. गाडी लहान असली तरी चालेल.

ता. क. दुसरा – मला कळलं आहे हे आईंना कधीही कळू देऊ नका. शालूचं मात्र हवं तेवढं भांडा. त्यांना आवडेल.

ता. क. तिसरा – रोज घालून, रोज काढून तो हिरवा दोरा पार पिंजला आहे. पोस्टात जाताना त्याच रंगाची चार रिळं आणीन म्हणते. औषधवाल्याला आत्ताच फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. का, उंदीर सापडला का, असं विचारत होता. म्हटलं, सापडला, पण घरचाच निघाला.